लेखमालेतून उभी राहिलेली संस्था : मुक्तांगणचा इतिहास

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा भूमिपूजनापासून सुरू होतो. मुक्तांगणला ती सोय नाही. संस्था जन्मली तेव्हा तिच्याकडे जमीन नव्हती, इमारत नव्हती आणि व्यसनमुक्ती केंद्र कसे चालवायचे याचा घरचा अनुभवही नव्हता. होती ती एक वृत्तपत्रीय लेखमाला, ती लिहिणारा, डॉक्टरकी सोडून पत्रकार झालेला एक माणूस, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करणारी त्याची मनोविकारतज्ज्ञ पत्नी. म्हणून हा इतिहास येरवड्याच्याही आधीपासून, गर्दच्या पुडीपासून सांगावा लागतो.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूचे जुने रस्ते विस्कटले. पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या सीमाभागात तयार होणारे हेरॉइन युरोपकडे जाताना भारतातून जाऊ लागले. मुंबई बंदर हा त्या वाटेवरचा मोठा मुक्काम. आणि जो माल एखाद्या शहरातून जातो, त्यातला थोडा त्या शहरात सांडतोच. ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांत आणि पाठोपाठ पुण्यात एक तपकिरी भुकटी मिळू लागली. ब्राउन शुगर हे तिचे बाजारातले नाव, मराठी वर्तमानपत्रांनी गर्द हे नाव रुळवले. हे अर्धवट शुद्ध केलेले हेरॉइन. त्याचा मूळ अवतार बायर या जर्मन कंपनीने १८९८ साली खोकल्यावरचे औषध म्हणून विकायला काढला होता, हे ऐकून आज हसू येते. गर्द घेणाऱ्याला सुई लागत नव्हती. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी, खाली काडी, आणि वितळून पळणाऱ्या थेंबामागे नळीने धूर ओढत जायचे. त्याला पोरे ‘चेस करणे’ म्हणत. दारूचा जसा वास येतो तसा याला येत नसे, त्यामुळे आईबापांना महिनोन्महिने पत्ता लागत नसे. लागायचा तो घरातली भांडी, घड्याळ, बहिणीचे कानातले नाहीसे होऊ लागल्यावर.

दारुडा महाराष्ट्राला परका नव्हता. गांजेकसही नव्हता. भांग शिवरात्रीला, गांजा साधूच्या चिलमीत, अफू राजपुतान्याच्या गोष्टींत, अशा सगळ्यांना समाजाने आपापल्या जागा दिलेल्या होत्या. गर्दुल्ल्याला मात्र जागाच नव्हती. तो कॉलेजात जाणारा असे, रिक्षावाला असे, एखाद्या प्राध्यापकाचा मुलगा असे. घरच्यांना वाटे, हा आळशी झाला, वाईट संगतीला लागला, याचे लग्न करून टाकावे. लग्न लावून दिलेही जाई, आणि मग एका माणसाच्या दुखण्यात दुसऱ्या घरची मुलगी ओढली जाई. सरकारने १९८५ साली अमली पदार्थांविषयीचा नवा कायदा केला. त्याआधीचे कायदे १८५७, १८७८ आणि १९३० सालचे, म्हणजे प्रामुख्याने अफूच्या महसुलाची काळजी करणारे. नव्या कायद्यात जबर शिक्षा होत्या. व्यसन्याच्या उपचाराची तरतूदही होती, पण त्यासाठी पाठवायचे कुठे? मुंबईत वांद्र्याला कृपा फाउंडेशनचे काम १९८१ पासून सुरू होते, मद्रासला टी. टी. रंगनाथन यांच्या नावाची संस्था १९८० पासून होती, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भारतात १९५७ पासून भरत होत्या. पुण्यातल्या बापाला यातले फारसे ठाऊक नसे. त्याच्या समोर दोनच दारे होती, पोलीस चौकीचे आणि मनोरुग्णालयाचे.

अनिल अवचटांनी गर्दवर लिहायला घेतले ते या काळात. त्यांची पद्धत मराठी वाचकाला आता परिचित आहे. प्रश्नाच्या ठिकाणी जायचे, बसायचे, माणसाला बोलू द्यायचे आणि ऐकलेले साध्या वाक्यांत उतरवायचे. ‘पूर्णिया’पासून त्यांनी ती चालवली होती. हमाल, विडी कामगार, देवदासी यांच्याविषयी वाचताना मध्यमवर्गीय वाचक हळहळत असे, पण ते दुःख त्याच्या घरापासून लांब होते. गर्दवरच्या लेखांत त्याला स्वतःच्या वाड्यातली, सोसायटीतली पोरे दिसली. म्हणून हे लेख निराळ्या तऱ्हेने वाचले गेले. पुढे त्यांचे ‘गर्द’ हे पुस्तक झाले.

ते लेख वाचणाऱ्यांत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई होत्या. दोघांनी अवचट पतिपत्नींकडे विचारणा केली, या मुलांसाठी तुम्ही काही करणार असाल तर आम्ही पैसे देतो. पु. ल. देशपांडे फाउंडेशनकडून एक लाख रुपये आले. १९८६ सालचे एक लाख म्हणजे लहान रक्कम नव्हे. पण मला या देणगीचे मोल रकमेपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत अधिक वाटते. घरातल्या व्यसनाची वाच्यता करायला कुटुंब धजत नसे. पु. ल. ज्या कामाच्या पाठीशी उभे आहेत, तिथे मुलाला घेऊन जाण्यात बेअब्रू नाही, असे पांढरपेशा पुण्याला वाटू लागले. आपल्या घरातले दुखणे कबूल करायला या शहराने एका विनोदी लेखकाच्या नावाचा आधार घेतला. यात थोडा विनोद आहे आणि थोडे वाईटही वाटण्यासारखे आहे.

पैसे पु. लं.चे, लेखणी अनिल अवचटांची, तरी संस्था उभी केली ती डॉ. अनिता अवचट यांनी. अनिल अवचटांच्या पुस्तकांत जी सुनंदा भेटते, ती हीच. मनोरुग्णालयातल्या नोकरीत गर्दची मुले त्यांच्यासमोर येत होती आणि तिथल्या व्यवस्थेत त्यांना फार काही देता येत नव्हते. मनोरुग्णालयाच्या आवारातच शासनाने जागा वापरायला दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले.

जागा मिळाली ती येरवड्याला. पुणेकराला येरवडा म्हटले की दोन गोष्टी आठवतात, तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ. कुणी विचित्र वागला की ‘याला येरवड्याला पाठवा’ असे म्हणायची इथे रीतच. त्याच पत्त्यावर आपल्या मुलाला ठेवून यायचे, हे आईबापांना किती जड गेले असेल! संस्थेने ही अडचण पत्ता लपवून सोडवली नाही. आतले वातावरणच असे ठेवले की बाहेरचा पत्ता माणूस विसरावा. पेशंटशी अरेतुरे नाही, अंगावर हात टाकणे नाही, टोमणे नाहीत. अनिताताई पेशंटांच्या ‘मॅडम’ झाल्या आणि अनिल अवचट ‘बाबा’. व्यसनी माणसाशी तोवर कुणी चांगल्या शब्दांत बोललेले नसायचे. बरीच वर्षे तो ज्या घरात राहत होता, तिथे त्याच्यावर विश्वास टाकणे घरच्यांनी सोडून दिलेले होते, आणि त्यात त्यांची चूक होती असेही म्हणवत नाही.

उपचाराचा पहिला टप्पा शरीराचा. गर्द बंद केल्यावर आठ-बारा तासांत जांभया येऊ लागतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा उभा राहतो. मग पोटात कळा, उलट्या, जुलाब, हाडे मोडून काढल्यासारखी दुखणे, आणि झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शिगेला पोचते आणि आठ-दहा दिवसांत बहुतांशी ओसरते. याला व्यसन्यांच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात. टर्कीने एरवी धडधाकट असलेला माणूस सहसा मरत नाही, पण ती टळावी म्हणून तो पुन्हा पुडीकडे धावतो, चोरी करतो, आईच्या अंगावर जातो. दारूचे गणित याच्या उलट आहे. दारू उघडपणे मिळते, तिला समाजात मान आहे, आणि रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकते. हात कापतात, दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास सुरू होतात. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला येत आहे असे वाटते. दारू पिणाऱ्याच्या शरीरातले बी-१ जीवनसत्त्व संपत आलेले असते, ते वेळेत भरून काढले नाही तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून घरी कोंडून, देवाची शपथ घालून दारू सोडवणे हा उपाय कित्येकदा मूळ रोगाइतकाच घातक ठरतो. गोळ्या हळूहळू कमी करत, जीवनसत्त्वाची इंजेक्शने देत हा टप्पा पार करायचे शास्त्र पक्के आहे. त्यात डॉक्टरला फारशी शंका नसते.

शंका नवव्या-दहाव्या दिवशी सुरू होते. अंग दुखायचे थांबलेले, जेवण जाऊ लागलेले, चेहऱ्यावर तुकतुकी आलेली. पेशंट म्हणतो, मी बरा झालो, सोडा मला. घरचेही हरखतात. अशा वेळी गेलेला माणूस बहुधा आठवड्याच्या आत पुन्हा तिथेच पोचतो. शरीरातून विष काढले म्हणजे व्यसन गेले, ही समजूत मुक्तांगणला फार लवकर सोडावी लागली. त्यातूनच ३५ दिवस राहण्याचा कार्यक्रम आकाराला आला. पहिले काही दिवस औषधांचे, उरलेले सारे माणसाचे. योगासने, गटात बसून बोलणे, समुपदेशकाशी एकट्याने बोलणे, गाणी, कामे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतले पुष्कळ काही घेतले गेले. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांना सांभाळत पिण्यावाचून राहिले, त्यातून ती चळवळ निघाली. आयुष्यभर सोडतो अशी शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस प्यायची नाही, हे त्यांचे सूत्र येरवड्यात चटकन रुजले. शपथांचा पेशंटला कंटाळा आलेला असतो. देवापुढे, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, गुरुवारी, अमावस्येला, सगळ्या घेऊन मोडून झालेल्या असतात.

मात्र येरवड्याने सगळे उसने घेतले असे नाही. केंद्राची कामे पेशंटांनीच करायची, हा इथला कणा. झाडलोट, जेवण वाढणे, नव्याने आलेल्याच्या उशाशी रात्री जागणे. काल ज्याला टर्की लागली होती तो आज टर्की लागलेल्याचे पाय चेपतो. डॉक्टरने ‘हे दोन दिवसांत कमी होईल’ म्हणणे वेगळे, आणि शेजारच्या खाटेवरच्याने म्हणणे वेगळे. पुढे बरे झालेल्यांतलेच काही जण इथे कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. नव्या पेशंटच्या थापा त्यांच्यापुढे चालत नाहीत, कारण त्या सगळ्या त्यांनी स्वतः मारलेल्या असतात. पगार घेणारा तज्ज्ञ आणि उपचार घेणारा रुग्ण यांच्यातली भिंत अशी खालून पोखरली गेली. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने हे आपणहून होऊ द्यावे, याला मी डॉ. अनिता अवचटांची सर्वांत मोठी कामगिरी समजतो. मनोरुग्णालयाच्या शिस्तीत वाढलेल्या डॉक्टरला अधिकार सोडणे सोपे नसते.

बाबांचा वाटा निराळा होता. त्यांना लाकडात शिल्पे कोरण्याचा, बासरीचा, कागदाच्या घड्या घालून प्राणी-पक्षी करण्याचा नाद. हे नाद घेऊन ते पेशंटांत येत. वरवर हे मन रमवणे वाटते, पण त्यामागे एक रोकडा प्रश्न आहे. जो माणूस दहा वर्षे संध्याकाळी फक्त पीत आला, त्याने संध्याकाळी सहा ते नऊ करायचे काय? दारू सोडल्यावर रिकामा पडलेला वेळ ही किरकोळ अडचण नव्हे. पुष्कळ जण त्या तीन तासांत घसरतात.

घसरणे, म्हणजे केंद्राच्या भाषेत ‘स्लिप’. संस्थेच्या अहवालात बरे झालेल्यांचे आकडे छापायला सगळ्यांनाच आवडते, पण या आजारात पहिल्या फेरीत कायमचे सुटणारे थोडेच. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने गोळ्या सोडल्या आणि दाब वाढला तर आपण त्याला निर्लज्ज म्हणत नाही. दारुड्याला म्हणतो. सुरुवातीला परतून आलेला पेशंट पाहून कार्यकर्त्यांचाही धीर खचणे साहजिक होते. हळूहळू स्लिपकडे गुन्हा म्हणून न पाहता तिचा तपास करायला संस्था शिकली. कुठल्या दिवशी, कुणासोबत, कशाने? पगार झाला तो दिवस, भावाचे लग्न, गणपती विसर्जन, सासऱ्याने सगळ्यांदेखत केलेला अपमान, किंवा नुसतेच ‘आता मी एक घोट घेऊन थांबू शकतो’ हे वाटणे. अमेरिकेतल्या ली रॉबिन्स यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला होता. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेक जण मायदेशी आल्यावर पुन्हा व्यसनी झाले नाहीत. ज्या जागी व्यसन लागले ती जागा, ती संगत, तो ताण मागे पडला होता. मुक्तांगणच्या पेशंटच्या नशिबी हे नसते. छत्तिसाव्या दिवशी तो त्याच गल्लीत परततो, त्याच टपरीवरून, त्याच मित्रांसमोरून. गर्दवाल्याला तर आणखी एक धोका. महिनाभर अंगाची सवय मोडलेली असते, अशा वेळी पूर्वीइतका डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो.

म्हणून घरी गेल्यावरची देखरेख, म्हणजे ‘फॉलोअप’, हा उपचाराचा खरा लांब भाग. त्यासाठी महाराष्ट्रात ठिकठिकाणी बैठका सुरू झाल्या. आणि वाढदिवस सुरू झाले. व्यसन सोडल्याला वर्ष झाले की सगळ्यांसमोर त्याचा वाढदिवस. बायको, मुले, म्हातारी आई सोबत येतात. पन्नाशीच्या गृहस्थाचा दुसरा वाढदिवस आणि पंचविशीच्या पोराचा पाचवा एकाच संध्याकाळी साजरा होतो. इथे ज्येष्ठता वयावर ठरत नाही. तरुणाकडून सल्ला घ्यायला वडीलधाऱ्याला कमीपणा वाटत नाही, हे आपल्याकडे दुसरीकडे कुठे पाहायला मिळेल असे वाटत नाही.

बायकांविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण संस्थेच्या इतिहासात तो भाग पुढे-पुढे मोठा होत गेला. पेशंट सोडायला येणारी बाई पहिल्या दिवशी रडत असे, आणि तिच्याशी बोलायला कुणी बसले की पंधरा वर्षांचे साचलेले बाहेर येई. नवऱ्याच्या कंपनीत साहेबाला फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे सांगणारी तीच. पतपेढीचे कर्ज फेडणारी तीच. पगाराच्या दिवशी गेटवर उभी राहणारी, मंगळसूत्र शेजारणीकडे ठेवायला देणारी, मुलांना ‘बाबांना उठवू नका’ म्हणणारी तीच. नवऱ्याच्या पिण्याचे परिणाम ती आपल्या अंगावर झेलत राहते, त्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि नकळत व्यसनाला आधार मिळतो. हे तिला सांगायचे म्हणजे अवघड काम. दोष तिच्यावर ढकलल्यासारखे होता कामा नये. या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू झाला. तिथे एकीला दुसरी सांगते, की त्याच्यासाठी खोटे बोलणे थांबव, आणि हेही सांगते की तो प्यायला तर तो तुझा पराभव नाही. तू पोटभर जेव, कामाला जा, मुलांचा अभ्यास घे. पुष्कळ जणींना हे पहिल्यांदाच कुणी सांगितलेले असते. नवरा सुधारो न सुधारो, बाई सुधारते, आणि घराला निदान एक धड माणूस मिळते. काही ठिकाणी बाई इतकी सुधारते की नवऱ्याला दारूपेक्षा त्याचीच चिंता लागते!

गर्दसाठी सुरू झालेल्या केंद्राकडे दारूचे पेशंट फार लवकर येऊ लागले आणि काही वर्षांत तेच संख्येने अधिक झाले. कायद्याचा, पोलिसांचा, वर्तमानपत्रांचा सगळा गलबला अमली पदार्थांभोवती होता. घरे मोडत होती ती परवाना असलेल्या दुकानातल्या मालाने. मुक्तांगणने आपली दारे त्याप्रमाणे उघडली, हे शहाणपणाचे झाले.

अनिता अवचटांना कॅन्सर झाला. आजार अंगावर घेऊन त्या बरीच वर्षे काम करत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. एका व्यक्तीच्या मायेवर उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीमागे टिकते का, हा प्रश्न महाराष्ट्रात पुष्कळ संस्थांना पडलेला आहे आणि पुष्कळांचे उत्तर निराशाजनक आहे. मुक्तांगण टिकले याचे श्रेय मुक्ता पुणतांबेकर यांना दिले जाते आणि ते रास्तच आहे. त्या अवचट दांपत्याच्या कन्या, मानसशास्त्राच्या अभ्यासक, आणि आईच्या हाताखाली याच कामात घडलेल्या. पण दुसरेही एक कारण आहे. मॅडमनी काम वाटून ठेवले होते. कार्यकर्ते झालेले पेशंट, समुपदेशक, कार्यालयातली मंडळी यांना संस्था आपली वाटत होती. घराणेशाहीची टीका करण्याआधी हे ध्यानात घ्यावे, की इथे वारसाहक्काने मिळते ते रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनचे ओझे. पुढे संस्थेला येरवड्यातच, आळंदी रस्त्यावर मोहनवाडी इथे, स्वतःची वास्तू मिळाली. मनोरुग्णालयाचे आवार सुटले.

२००९ साली ‘निशिगंध’ सुरू झाले, स्त्रियांसाठी स्वतंत्र केंद्र. तेवीस वर्षे उशीर झाला असे कुणी म्हणेल. पण स्त्रिया व्यसनी नव्हत्या म्हणून हा उशीर झाला नाही. त्या दाराशी येत नव्हत्या. पुरुष प्यायला तर बायको, आई, बहीण त्याला ओढत घेऊन येतात. बाई प्यायली तर तिला कोण आणणार? नवरा सोडचिठ्ठीची भाषा करतो, सासर माहेरी धाडते, माहेर दार लावून घेते. तिचे व्यसन बंद खोलीत चालते. दारू असते, झोपेच्या गोळ्या असतात, आणि मिश्री-तपकिरीला तर व्यसन म्हणायचीही पद्धत नाही. पुष्कळदा त्यामागे मारहाण असते, नाही तर लहानपणी सोसलेले काही. पुरुषांच्या गटात हे बोलले जाणे शक्य नव्हते. ३५ दिवस मुले कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न पुरुष पेशंटला कधी पडला नसेल. बाईला तो पहिल्याच दिवशी पडतो. कार्यक्रमाची आखणीच त्यामुळे वेगळी करावी लागते.

सरकारशी संबंध हा कोणत्याही स्वयंसेवी संस्थेच्या इतिहासातला कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. केंद्र सरकारने १९८५-८६ पासून व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान द्यायची योजना आणली. मुक्तांगणकडे पुढे पश्चिम भारतातल्या केंद्रांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी आली. हे काम बाहेरच्याला दिसत नाही, पण त्याची गरज मोठी आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत व्यसनमुक्तीच्या पाट्या गावोगाव लागल्या. त्यांतल्या काहींत माणसांना साखळीने बांधतात, मारतात, डॉक्टरशिवाय औषध तोडतात. जेवणात न सांगता मिसळायच्या भुकट्यांच्या जाहिराती भिंतींवर असतात त्या वेगळ्याच. १९४८ साली डेन्मार्कमध्ये सापडलेले डायसल्फिराम हे औषध खरोखरच दारूची शिसारी आणते, पण ते घेतलेल्याने वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोवस्था आजारात धरल्या, त्यामुळे रुग्णाचे हक्क कागदावर तरी स्पष्ट झाले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली. व्यसनमुक्तीचे काम न पाहिलेल्यांना वाटले, बरे झाले, आता सगळे सुटतील. जे सुटले ते थोडे. लाखो लोकांची दारू कोणत्याही औषधाविना एकदम तुटली. ४ मेपासून दुकाने उघडली तेव्हाच्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. पुढच्या वर्षी पुन्हा निर्बंध आल्यावर, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली सात माणसे मेली. त्यावर समाजमाध्यमांत विनोद फिरले. व्यसन म्हणजे हौस, अशी आपली समजूत किती घट्ट आहे हे त्या विनोदांनी दाखवले.

२७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट गेले. संस्थेची पहिली पिढी तिथे संपली.

गर्दवर लेखमाला लिहिली गेली तेव्हा माल बाहेरच्या देशातून येत होता. आज तो इथेच बनतो. मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या तोंडी ‘एमडी’, २०१५ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या यादीत आले, तोवर ते कायद्याच्या कचाट्याबाहेर होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडले. रसायनशास्त्राचे जुजबी ज्ञान, बंद पडू पाहणारा कारखाना आणि मोबाइलवरचे गिऱ्हाईक एवढ्यावर धंदा उभा राहतो. एमडीची टर्की गर्दसारखी दिसत नाही. उदासी, संशय, भास असतात, आणि घरच्यांना वाटते मुलाला वेड लागले. आणि ज्यांत शरीरात काहीच घ्यावे लागत नाही, अशी व्यसनेही दाराशी आली आहेत. मोबाइल आणि गेमपायी शाळा सोडलेल्या मुलाला घेऊन आईबाप येतात. दारूपासून आयुष्यभर दूर राहा असे सांगता येते. मोबाइलपासून दूर राहा असे कसे सांगणार? शाळेचा अभ्यासही त्यातच येतो. जुना कार्यक्रम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. या मुलांना घरात मोबाइल किती वेळ, कुठे आणि कुणासमोर वापरायचा याचा करार करून द्यावा लागतो, आणि तो आईबापांनाही पाळावा लागतो.

एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूच्या बाबतीत मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख लोक देशात आहेत, आणि अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत सुमारे ७७ लाख. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला काही तरी उपचार मिळतो, आणि १८० पैकी एकाला दाखल होऊन उपचार मिळतो. या आकड्यांपुढे येरवड्यातल्या खाटा मोजण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या रुग्णालयात दारू तुटण्याचे औषध देता येणारा डॉक्टर, गावातच भरणारी फॉलोअपची बैठक, आणि फोनवर बोलायला बसलेला, स्वतः यातून गेलेला माणूस, एवढे तरी प्रत्येक जिल्ह्यात लागेल. संस्थेच्या प्रशिक्षण विभागाचे काम आता मुख्यतः तेच आहे, आणि त्याच्या बाकांवर बसायला परिचारिका, पोलीस, आशाताई आणि शाळेतले शिक्षक एकाच वर्गात येऊ लागले तर ते उत्तमच.